व्हॅलेन्सिया : व्यापाऱ्यांची वास्तू आणि गुरुवारची दुपार

युरोपच्या सहलीला जाणारी आपली बहुतेक कुटुंबे पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम पाहून परततात. स्पेनला गेलीच, तर बार्सिलोनाच्या पुढे सहसा जात नाहीत. बार्सिलोनाहून रेल्वेने सुमारे तीन तास दक्षिणेस, त्याच भूमध्य समुद्राच्या काठी, व्हॅलेन्सिया हे जुने शहर वसले आहे. व्यापारावर ज्यांचे घर उभे आहे, त्यांनी तेथे दोन दिवस तरी काढावेत, असे मला मनापासून वाटते.

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघे तेथे गेलो होतो : मी, यजमान, आमची कन्या आणि थोरले दीर. त्यांना घरात सारे भाऊच म्हणतात. चाळीसहून अधिक वर्षे कापडाच्या दुकानातील गादीवर बसून त्यांनी नुकताच कारभार मुलाच्या हाती सोपवला होता. सहलीत त्यांचे मन लागत नव्हते. कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या दोनशे सात पायऱ्या आम्ही चढलो. भाऊ खाली बाकावर बसून राहिले. नव्या शहरातील सान्तियागो कालात्रावाच्या पांढऱ्या शुभ्र इमारती पाहून कन्या हरखून गेली; भाऊंनी एवढेच विचारले, ‘‘याला खर्च किती आला असेल?’’

ते प्रथम थबकले, ते ‘ला लोन्हा दे ला सेदा’ या वास्तूत. नावाचा अर्थ रेशमाचा व्यापार-वाडा. आमच्या सासऱ्यांनी दुकानात रेशीम कधी ठेवले नाही, कारण कोशातील जिवाचे मोल देऊन तो धागा निघतो. त्यामुळे आपण सुती कापडवाले येथे कसे आलो, असा विनोद करीतच भाऊ आत शिरले.

मुख्य सभागृहाचे बांधकाम 1498 मध्ये पूर्ण झाले. दोरखंडाला पीळ द्यावा तसे पीळ दिलेले दगडी खांब सुमारे सतरा मीटर उंच जातात आणि माथ्यावर ताडाच्या झावळ्यांसारखे फाकतात. हे देऊळ नव्हे, राजवाडाही नव्हे. शहरातील व्यापाऱ्यांनी सौदे करण्यासाठी हे उभारले. सराफांची मेजे येथे मांडली जात आणि समुद्रव्यापारातील तंटे सोडवणारे व्यापाऱ्यांचे न्यायालय शेजारच्या दालनात बसे. 1996 मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

भिंतींच्या वरच्या कडेने गडद पट्टीवर सोनेरी लॅटिन अक्षरे फिरवली आहेत. त्यांचा आशय कन्येने वाचून दाखवला. वास्तू स्वतःच बोलते : मी पंधरा वर्षांत बांधून झाले, बांधवांनो, ज्या व्यापारात शब्दात कपट नाही, दिलेले वचन मोडले जात नाही आणि पैसा अवाजवी व्याजाने दिला जात नाही, तो किती गोड असतो ते अनुभवून पाहा, असे वागणारा व्यापारी धनाने समृद्ध होईल आणि अंती शाश्वत जीवनही भोगील.

भाऊंनी ते तिला पुन्हा वाचायला लावले. ‘‘आपल्या दुकानात ‘उधारी बंद’ची पाटी होती. यांनी केवढी पाटी लावली आहे!’’

मग आम्ही सभागृहालगतच्या बुरुजापाशी आलो. तळमजल्यावर प्रार्थनागृह आहे. वरच्या खोल्यांचा उपयोग देणे न फेडू शकणाऱ्या व्यापाऱ्यांना कोंडण्यासाठी होत असे. म्हणजे सचोटीने वागणारा श्रीमंत होतो, हे सोन्याच्या अक्षरांत लिहिलेल्या भिंतीला लागूनच ही कोठडी. त्या काळी जहाज बुडाले, म्हणजे माल बुडे आणि मालाबरोबर पतही बुडे. त्यात कपट कोणाचे? कोठडीत अडकलेल्यांपैकी किती जण लबाड होते आणि किती जणांचे केवळ नशीब फिरले होते, हे ती सुवर्णाक्षरे सांगत नाहीत.

भाऊ तेथे बराच वेळ उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

लोन्हाच्या समोरच 1928 मध्ये सुरू झालेला मध्यवर्ती बाजार आहे. रंगीत काचा, लोखंडी कमानी आणि खाली केशर, बदाम, संत्री यांच्या राशी. मासळी आणि मांसाचेही गाळे आहेत, म्हणून दार निवडून आत जावे. ओर्चाता नावाचे थंड, दुधासारखे दिसणारे पेय शहरभर मिळते. त्यात दूध नसते, त्यामुळे ते आपल्याला चालेल असे वाटते. परंतु ते चुफा नावाच्या, जमिनीखाली वाढणाऱ्या गाठींपासून करतात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी ते टाळावे. सोबत देतात त्या लांबट पावात बहुधा अंडे असते. पाएया हा भात मूळचा याच प्रांतातला, आणि त्याच्या पारंपरिक पाककृतीत कोंबडी व ससा असतो. भाज्यांचा पाएया मिळतो, मात्र तो कोणत्या रश्श्यात शिजवला हे आधी विचारावे. एक सोय मात्र अनपेक्षित आहे : जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची धावपळ होत नाही.

गुरुवार मात्र चुकवू नये. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’समोर जल-न्यायालय भरते. शहराभोवतीच्या शेतांना पाणी देणाऱ्या आठ कालव्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून अर्धवर्तुळात बसतात. एकेका कालव्याचे नाव घेऊन तक्रार आहे का, असा पुकारा होतो. वकील नसतो, लेखी युक्तिवाद नसतो. जे बोलायचे ते तोंडी, आणि निर्णय तेथेच. त्यावर अपील नाही. शेतकऱ्यांमधूनच आलेल्या या पंचांचा शब्द शेतकरी मानतात. मुसलमानी अमदानीपासून हे चालत आल्याचे परंपरा सांगते. 2009 मध्ये युनेस्कोने त्याचाही गौरव केला. आम्ही गेलो त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. काही मिनिटांत काम आटोपले आणि पर्यटक हिरमुसले. भाऊ म्हणाले, ‘‘तक्रार नाही, हेच तर पाहायला आलो.’’

दुपारी तुरियाच्या बागेतून फिरलो. 14 ऑक्टोबर 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आली आणि जुन्या पात्रात पुढे सुमारे नऊ किलोमीटरची बाग झाली. तेथे महामार्ग करण्याचा बेत होता. नागरिकांनी तो हाणून पाडला. ऑक्टोबर 2024 च्या पुरात जुने शहर बचावले, पण दक्षिणेकडील उपनगरे बुडाली आणि या प्रांतात दोनशेहून अधिक माणसे दगावली. बागेतून हिंडताना ही आठवण ठेवावी लागते.

संध्याकाळी मालवारोसाच्या वाळूवर बसलो असताना भाऊ आपणहून बोलू लागले. 1972 च्या दुष्काळात गावोगावची उधारी बुडाली आणि सासऱ्यांना दुकानाच्या फळ्या लावाव्या लागल्या, एवढे मला माहीत होते. त्यानंतर नऊ वर्षे ते दुसऱ्याच्या पेढीवर लिहिण्याचे काम करून देणी फेडत होते, आणि त्या काळात बाजारपेठेतून न जाता मागच्या बोळाने घरी येत, हे मी प्रथमच ऐकले. शेवटच्या सावकाराने ‘‘आता राहू द्या’’ म्हणून रक्कम घेण्याचे नाकारले. सासऱ्यांनी पैसे त्याच्या गादीवर ठेवले आणि त्या दिवशी ते भर बाजारातून घरी आले.

‘‘मी बरोबर होतो,’’ भाऊ म्हणाले. ‘‘हळू चालत होते. प्रत्येक दुकानाशी थांबत होते.’’

मग त्यांनी चपला हातात घेतल्या आणि ते पाण्याकडे चालू लागले. ऊन अजून बरेच होते.