कुर्डुवाडीचे स्थानक मोजून ठेवा



सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी स्थानकात आज सगळे रूळ एकाच मापाचे आहेत. दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. परंतु १८९७ सालापासून शंभराहून अधिक वर्षे येथे आणखी एक मार्ग येऊन मिळत होता. त्याची रुंदी होती अवघी ७६२ मिलिमीटर. ही बार्शी लाइट रेल्वे. या स्थानकाला पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत.

मुंबई-सोलापूर लोहमार्ग व्यापारी बार्शीला बगल देऊन गेला होता. मधले सुमारे ३४ किलोमीटर अंतर स्वस्तात कसे जोडायचे, हा प्रश्न एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने सोडवला. त्याची युक्ती साधी होती. रूळ तुटतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एकेका आसावरून येणाऱ्या भाराने. म्हणून इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा नियम त्याने केला. इंजिनाला सहा आस दिले आणि वजन सर्वांवर वाटून टाकले. त्यामुळे मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचे हलके रूळ पुरले. आजच्या मुख्य मार्गांवरील रूळ मीटरला ६० किलोचे असतात, हे ध्यानात घ्या.

हा मार्ग पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. १९५४ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे रुंदीकरण झाले.

रुंदीकरण झाले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. माप बदलले की गाडी पुढे जात नाही. एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात भरावा लागतो. त्यात वेळ जातो, पैसा जातो आणि हमालांच्या पाठी वाकतात. जुन्याच्या प्रेमापोटी ही गैरसोय लोकांवर लादणे बरे नव्हे. पण मार्ग बदलणे वेगळे आणि त्याची आठवण पुसणे वेगळे. पहिले आवश्यक होते. दुसरे मुळीच आवश्यक नाही.

इंग्लंडमधील एक उदाहरण पाहा. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन कॅलथ्रॉपने तिकडे लीक आणि मॅनिफोल्ड नावाचा याच मापाचा मार्ग उभारला. त्याची लांबी सुमारे १३ किलोमीटर आणि आयुष्य १९०४ ते १९३४, म्हणजे तीसच वर्षे. तरी तेथे रुळांच्या जागी पायवाट केली आहे आणि ह्यूम एंड येथील स्थानकाची इमारत माहिती केंद्र म्हणून जपली आहे. बार्शीचा मार्ग त्याच्या कितीतरी पट लांब आणि तिपटीहून अधिक वर्षे चाललेला. त्याची नोंद ठेवण्याचा आळस आपण का करावा?

हे काम सरकारनेच करावे असे नाही. या मार्गावरील गावांतल्या शाळांनी ते हाती घ्यावे. चालू रुळांकडे मात्र मुळीच जाऊ नका. जुने रूळ खांब म्हणून वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. असा खांब सापडला, तर परवानगी घेऊन त्याच्या टोकाचा आकार आलेख-कागदावर उतरवा. चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरून एका मीटरचे वजन काढा. क्षेत्रफळ १९ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर वजन १५ किलो येईल. मग तो रूळ कॅलथ्रॉपच्या मार्गावरचा असू शकेल. मात्र एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. तो कोठून आणला, हे गावातल्या जाणत्यांना विचारा.

त्या छोट्या गाडीवर काम केलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. इंजिनात पाणी कोठे भरत, चढावर वाळू केव्हा टाकत, हे त्यांना ठाऊक आहे. रूळ उद्याही मोजता येतील. या माणसांना विचारायचे असेल, तर येत्या सुट्टीतच विचारले पाहिजे. शिक्षकांनी वही आखून द्यावी, विद्यार्थ्यांनी ती भरावी.