मोठ्या भिंगाचे मोल

यंदाच्या स्नेहसंमेलनातील नाट्यप्रवेशांची छायाचित्रे अंधुक आली, म्हणून शाळेने रुंद छिद्राचे महाग भिंग घ्यावे असा आग्रह काही विद्यार्थ्यांनी धरला. किंमत ऐकून पालक थक्क झाले. ही निव्वळ लूट आहे, असे कित्येकांस वाटले. आम्हांस ही दोन्ही मते ग्राह्य वाटत नाहीत.

कॅनन कंपनीच्या आर.एफ. मालिकेतील ५० मि.मी. नाभीय अंतराची दोन भिंगे घेऊ. एक एफ १.८ चे, दुसरे एफ १.२ चे. नाभीय अंतरास या अंकाने भागले असता छिद्राचा व्यास मिळतो: पहिल्याचा सुमारे २८ मि.मी., दुसऱ्याचा सुमारे ४२ मि.मी. व्यास दीडपट, म्हणून प्रकाश सव्वादोन पट. मग किंमत दहा पटींहून अधिक का?

भिंगाच्या मध्यातून आणि कडेजवळून जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. या दोषास गोलीय विपथन म्हणतात. साध्या भिंगात प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो, पण या दोषामुळे येणारी अस्पष्टता घनाने वाढते. व्यास दीडपट केला की ती तिपटीहून अधिक होते. तिच्या निवारणासाठी काचा वाढवाव्या लागतात. पहिल्या भिंगात ६ काचा व वजन १६० ग्रॅम; दुसऱ्यात १५ काचा व वजन ९५० ग्रॅम. त्यांपैकी तीन काचांस साध्या गोलाकाराहून निराळी, घडविण्यास कठीण अशी वक्रता दिलेली असते. जुळणीतील केसाएवढी चूकही येथे खपत नाही. शिवाय गिऱ्हाईक थोडे, म्हणून खर्चाचा भार प्रत्येक नगावर अधिक पडतो.

तेव्हा किंमत अकारण नाही. परंतु वस्तू मोलाची असली, तरी ती आपल्या गरजेची असतेच असे नाही. सव्वादोन पट प्रकाशाची उणीव रंगमंचावर आणखी दिवे लावून भरून काढता येते. स्थिर दृश्यासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून उघडझाप लांबविली तरी भागते. एका भिंगाच्या पैशांत आमच्या ग्रंथालयाचे एक कपाट भरेल.

विद्यार्थिमित्रांनो, किमतीस नावे ठेवण्यापूर्वी तिचे कारण शोधावे, आणि कारण पटले तरी खिशात हात घालण्यापूर्वी आपली गरज तपासावी, एवढेच आमचे सांगणे आहे.