शिट्टी वाजते म्हणून यंत्र डब्यात?

आजीने हाकेला ओ दिली नाही, की आमच्या मारेगावकडे सरळ म्हणतात, ‘बुढीले आयकू येत नाही, राहू द्या!’ आजोबांचं तसं नसतं. त्यांच्यासाठी लगेच यंत्राची चौकशी सुरू होते. आजीसाठी यंत्र आणलंच, तरी ते आठवड्याभरात डब्यात जातं. का? तर म्हणे, शिट्टी वाजते!

मैत्रिणींनो, शिट्टी वाजली म्हणजे यंत्र बिघडलं असं नव्हे. कानामागच्या त्या इवल्याशा यंत्रात आवाज टिपणारा माईक आणि मोठा आवाज सोडणारा स्पीकर अगदी शेजारी-शेजारी असतात. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर आला, की माईक तोच पुन्हा टिपतो, यंत्र तो पुन्हा वाढवतं. गणपतीच्या मंडपात माईक भोंग्यासमोर गेला की कसा किंचाळतो? तसंच हे.

आवाजाला आणखी एक चोरवाट असते. स्पीकरबरोबर यंत्राचं कवचही थरथरतं आणि ती थरथर माईकपर्यंत पोचते. ही वाट अडवायला इंजिनिअर आधी संगणकावर यंत्र उभं करतात. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडून, कोणत्या स्वराला कोणता भाग किती थरथरेल, याचं गणित मांडतात. मग स्पीकरला रबराची बैठक कशी द्यायची ते ठरतं.

पण तुमच्या आजीचा कान त्या संगणकाला कुठे ठाऊक? कानात बसणारा साचा तिच्याच मापाचा हवा. तो सैल झाला किंवा कानात मळ साठला, तरी शिट्टी वाजते. म्हणून दुकानातून थेट यंत्र उचलू नका. आधी कान तपासून घ्या, ऐकण्याची चाचणी करा, माप द्या. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना ही यंत्रं मिळू लागली, तीही चौकशी करा.

चष्म्याला आपण चैन म्हणत नाही, मग कानाच्या यंत्राला का? ऐकू न येणारी बाई हळूहळू बोलणंच सोडते आणि घरचे म्हणतात, म्हातारीला काही कळत नाही. स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा कारणांत ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालाने कमी ऐकू येणंही धरलं आहे. तेव्हा शिट्टीला कंटाळून यंत्र ठेवून देऊ नका. साचा बदलून घ्या. घरातल्या गप्पांत आजीचाही वाटा आहे.