तिळातला जंतू आणि गोदामातला वायू



कापूस-ज्वारीच्या बैठकीत तिळाचे काय, असे कोणी विचारील. पण कोरडवाहू रानात चार ओळी तीळ टाकणारे आपल्यात बरेच आहेत आणि घरातला हातखर्च त्यावर निघतो.

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियममध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साईड या वायूचा अंश सापडला. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, काही नमुने त्याच्या हजार पटींहून वर गेले. दुकानांतले पाव-बिस्किटे परत मागवावी लागली. ऑक्टोबरात हुकूम निघाला, की भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासायच्या.

हा वायू आम्ही शेतात कधी मारला? माल आमच्या हातून गेल्यावर साल्मोनेला नावाचा जंतू मारायला तो वापरतात. तिळात घाण आहे हे ठाऊक असलेल्याने ती काढण्याऐवजी वायू सोडला आणि बदनामी सगळ्या तिळाची झाली.

आमचे काही मित्र म्हणतात, जंतूबिंतू सगळे बहाणे, माल अडवायची युक्ती. अर्धे खरे आहे. अमेरिकेत हाच वायू तिळावर किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, म्हणजे युरोपच्या १४० पट! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच तो कर्करोगकारक ठरवला होता. पण जंतू खोटा नाही. २००१ मध्ये तुर्कस्तानच्या तिळाच्या हलव्यातून ऑस्ट्रेलिया, स्वीडन, नॉर्वेत माणसे आजारी पडली. विषमज्वराच्या जंतूचा हा भाऊबंद. पोटात गेला की सहा तासांपासून तीन दिवसांत ताप, मुरडा, जुलाब. धडधाकट गडी आठवड्यात उठतो. तान्हे मूल, म्हातारे माणूस दगावूही शकते.

कोरड्या तिळात तो वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्‌महिने दबा धरून बसतो. तिळातले तेल त्याला आडोसा देते, म्हणून थोडे जंतूही पुरतात. आपण संक्रांतीचे तीळ खरपूस भाजतो, त्यात बरेचसे मरतात. कच्चे तीळ खाणाऱ्याला ही सोय नाही.

मग तो येतो कुठून? इथे शेतीशास्त्र शिकलेल्याने गप्प बसणे बरे नाही. पेंढ्या उभ्या रचायच्या, बोंडे तडकली की उलट्या करून झटकायच्या, हे आपण शेणाने सारवलेल्या खळ्यावर करतो. शेण पवित्र असेल, पण जनावराच्या आतड्यातला जंतू त्यातूनच येतो. कोंबड्या खळ्यावर टिपत फिरतात, कबुतरांची शिट पडते, रात्री उंदीर आणि पाली पोत्यांवरून फिरतात. या सगळ्यांच्या विष्ठेत हा जंतू असू शकतो. भिजला दाणा की तो वाढतोही. उपाय मोठा नाही: ताडपत्रीवर झटकणी, कडक वाळवण, स्वच्छ कोरडे पोते, ते फळीवर. अंड्याला किंवा कच्च्या मटणाला लागलेले हात धुऊन मगच वाळवणाला लावा; हे घरच्या लेकरांसाठीही.

पण ताडपत्रीला पैसे पडतात. आमचा सवाल हा आहे, की ते कोणी द्यायचे? आज बाजारात स्वच्छ तीळ आणि खळ्याचा केर असलेला तीळ एकाच ढिगात ओततात. कवडी कापूस चांगल्यात मिसळला की भाव कोणाचा पडतो, हे तुम्हांला सांगायला नको. ढीग एक झाला की स्वच्छता राखणारा मूर्ख ठरतो आणि व्यापाऱ्याला पुन्हा वायूच आठवतो. सरकार तपासणीची प्रयोगशाळा बंदराजवळ काढते. तिथे नापास झालेल्या खेपेचा तोटा उलट चालत खळ्यापर्यंत येतो, आणि पास झालेल्या खेपेचा नफा मात्र वाटेतच थांबतो.

म्हणून या जिल्हा बैठकीत तिळाचा ठराव मांडावा: ताडपत्रीवर काढलेल्या तिळाचा ढीग बाजार समितीत वेगळा लागला पाहिजे, त्याचा लिलाव वेगळा, आणि भावातला फरक पट्टीवर लिहून मिळाला पाहिजे. ज्या गावात दहा जण तीळ पेरतात त्यांनी झटकणीआधी एकत्र बसून ताडपत्र्या सामाईक घ्याव्यात आणि माल एकाच गाडीत आणावा. एकट्याचे दोन पोती वेगळे मोजायला अडत्या तयार होणार नाही, वीस पोती मोजील.