बियाणें आमचें, मग प्रयोगशाळा कोणाची?

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेंत कुणब्या-कारागिरांचीं, दलित-आदिवासींचीं मुलें व मुली घ्या म्हटलें कीं विद्वानांच्या कपाळास आठ्या पडतात. “शास्त्राला जात नसते, तेथें गुणालाच मान!” हें उत्तर तयारच. ठीक आहे. गुणाचीच झडती घेऊं.

चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे दलित शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास धानांत त्यांस निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या राखून, वर्षानुवर्षें पेरून-निवडून त्यांनीं ‘एचएमटी’ तांदूळ सिद्ध केला. तो दूरदूर पिकला. दादाजी २०१८ सालीं गरिबींतच वारले. पाहणें, निवडणें, पुनःपुन्हा पडताळणें, शास्त्र म्हणतात तें याहून निराळें काय?

आणि दार उघडलें म्हणजे काय होतें? केरळांतील थिय्या जातीच्या जानकी अम्माळ १९३१ सालीं अमेरिकेंत मिशिगन येथें डॉक्टर झाल्या. पुढें कोइमतूरच्या केंद्रांत त्यांनीं उंसाचा मक्याशीं संकर करून दाखविला. मागास जातीची बाई म्हणून शास्त्र बाटलें काय?

आमची मागणी भिक्षेची नव्हे. एकाच वाणाच्या शेताचा धोका या पंडितांनींच आम्हांस शिकविला. १९७० सालीं अमेरिकेंतील बहुतेक संकरित मक्याचें मातृकूळ एकच होतें. करपा आला आणि देशाच्या पिकाचा सुमारें शेंकडा १५ भाग बुडाला. मग एकाच आळींतल्या, एकाच शिकवणीच्या माणसांनीं भरलेल्या प्रयोगशाळेस करपा लागत नाहीं काय? कोरडवाहूचे हाल ज्यानें पाहिले नाहींत, त्यास कोरडवाहूचा प्रश्न सुचणार कसा?

म्हणून स्पष्ट सांगतों. निवडमंडळावर बहुजन बसवा. शिष्यवृत्ति वेळेवर द्या. सहा महिने उधारीवर जगण्याची ऐपत आमच्या पोरांची नाहीं. ज्याचें वाण घेतलें त्याचें नांव निबंधांत छापा. प्रयोगाच्या वाफ्यांत खुरपणाऱ्या बायांस रोपांची पारख विचारा. त्यांचे डोळे उगीच पिकलेले नाहींत. शेतकऱ्यास स्वतःचें वाण स्वतःच्या नांवें नोंदविण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानें दिला. कायदा मानतो तें प्रयोगशाळेनें कां मानूं नये?

आणि बंधुभगिनींनो, तुम्हीही ऐका! पोरगी हुशार निघाली तर तिचें शिक्षण मोडूं नका. बीं आपलें, माती आपली, घाम आपला; आतां सूक्ष्मदर्शकाला लागणारा डोळाही आपला असूं द्या.