दुखणं कुल्ल्यात, खापर मणक्यावर

पायात कळ उतरली की ‘गादी सरकली’ हा निकाल आपल्याकडे तपासणीआधीच लागतो. रत्नागिरीत मग कोल्हापूर नाहीतर मुंबईची वारी, एमआरआय, कमरेला पट्टा आणि महिनाभर अंथरूण हे सगळं ओघानं येतं. गादीचा आजार खोटा आहे, असं माझं म्हणणं नाही. पायात उतरणाऱ्या कळेचं ते सर्वांत मोठं कारण आहे. पण त्या एका कारणापायी रुग्णाच्या कुल्ल्याला कुणी हातच लावत नाही, हा माझा आक्षेप आहे.

सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. ती मांडीत उतरते कुल्ल्यातून, आणि तिथे खोलवर पिरिफॉर्मिस नावाचा एक स्नायू माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपासून खुब्याच्या हाडापर्यंत आडवा गेलेला असतो. बहुतेकांत नस त्याच्या खालून निघते. काहींत ती किंवा तिची एक फांदी स्नायूच्या आरपार जाते. स्नायू आखडला किंवा सुजला की नस तिथेच आवळली जाते. डॅनियल रॉबिन्सन यांनी १९४७ साली याला पिरिफॉर्मिस सिंड्रोम म्हटलं. गृध्रसीची, म्हणजे सायटिकाची, वेदना आधी कुल्ल्यात उठते आणि मग कंबर, मांडी, पोटरीकडे जाते, हे तर चरकसंहितेतच आहे.

मणक्याच्या बाजूनं पहिला युक्तिवाद असा, की एमआरआयमध्ये गादी बाहेर आलेली दिसते, मग वाद कसला? अमेरिकेत १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची एखादी तरी गादी फुगलेली होती, आणि दुखत तर कुणाचंच नव्हतं! फिल्मवरची गादी आणि पायातली कळ यांचा मेळ बसत नसेल, तर ती फिल्म पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचाच. पिरिफॉर्मिस सिंड्रोमची एकही पक्की चाचणी नाही, म्हणून तो मानायचा नाही. चाचणी नाही, हे खरं. पण अर्धशिशी तरी कुठल्या फिल्मवर दिसते? तिथे आपण रुग्णाचं ऐकून निदान करतोच. इथेही खुणा आहेत. बसलं की थोड्या वेळात कळ वाढते, उठून चाललं की बहुधा हलकं वाटतं. कुल्ल्यात खोल दाबलं की रुग्ण म्हणतो, “हीच ती कळ.” गुडघा वाकवून पलीकडच्या बाजूला नेला की ती पुन्हा उठते. खोकताना-शिंकताना पायात कळ उठत असेल, घोट्याचा झटका मंदावला असेल, तर मात्र मणक्याकडेच पाहायला हवं.

कारणं आपल्या रस्त्यावर आहेत. गावाकडे भरून निघालेली रिक्षा नीट पाहा. शेजारी उतारू घेतलेला, चालक सीटच्या कडेला एकाच कुल्ल्यावर टेकलेला, मागच्या खिशात जाडजूड पाकीट, आणि खाली मुंबई-गोवा महामार्गाचं रखडलेलं काम. तासन् तास असं बसणाऱ्या माणसाचा मणका तपासायचा आणि बैठक तपासायची नाही, हे कसलं शास्त्र?

तिसरा पक्ष पायाळूच्या लाथेचा आणि शीर बसवणाऱ्यांचा. गुण येतो म्हणतात. येणारच; असली बरीच दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात आणि श्रेय लाथेला जातं. हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीला ती लाथ बसली, तर मणका मोडू शकतो. तेल लावून हलकी मालिश, शेक, याला माझी ना नाही. कोपरानं रगडून घेणं मात्र नको.

उपाय बहुतेकांना घरी जमण्यासारखे आहेत. अर्ध्या तासानं उठायचं, पाकीट पुढच्या खिशात ठेवायचं. उताणं झोपून दुखऱ्या बाजूचा गुडघा पलीकडच्या खांद्याकडे ओढायचा, सोसेल तितकाच. नंतर फिजिओथेरपिस्टकडून कुल्ल्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यायचे. महिनाभर पडून राहिल्यानं हेच स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस. एवढ्यानं भागलं नाही, तर सोनोग्राफीत पाहत स्नायूत इंजेक्शन देता येतं. शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. जाता जाता: कुल्ल्यावरचं एरवीचं इंजेक्शन वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशातच हवं, जागा चुकली तर सुई याच नसेला इजा करू शकते.

लघवी अडली, गुदाभोवती बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर मात्र व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपल्याकडे, विशेषतः बायका, संकोचानं कुल्ल्याचं दुखणं ‘कंबर’ म्हणून सांगतात आणि डॉक्टरही कंबरच तपासतात. दुखते ती जागा बोट ठेवून दाखवा. आणि डॉक्टरांनो, एमआरआयची चिठ्ठी लिहिण्याआधी त्या जागी एकदा हात ठेवून पाहा.