गोळीचं नाव विचारू नका

परवा लिफ्टमध्ये आमच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी गाठलं. "अहो, तुमचा ब्रूनो हल्ली एकदम शांत झालाय. कुठली गोळी देत होतात हो? नाव पाठवा ना, आमच्या हस्कीलाही सुरू करून टाकतो."

मी नाव सांगितलं नाही. त्यांना राग आला असणार. म्हणून हे सविस्तर उत्तर.

नाव तसं गुपित नाहीच. फ्लुओक्सेटिन. माणसांमध्ये 'प्रोझॅक' म्हणून गाजलेलं तेच औषध. अमेरिकेत २००७ साली ते खास कुत्र्यांसाठी मंजूर झालं. पण मंजुरी कशासाठी मिळाली ते बघा. घरात एकटं राहिल्यावर काही कुत्र्यांचा भीतीने जीव कासावीस होतो, सेपरेशन अँग्झायटी म्हणतात ती, तिच्यासाठी. आणि तीसुद्धा वागणुकीच्या प्रशिक्षणाच्या जोडीने. सोफा वाचवायला नाही. चेअरमनचा फोन टाळायला तर मुळीच नाही.

आता कबुली. मीही असाच गेलो होतो डॉक्टरांकडे, गोळी मागायला.

ब्रूनो आमच्याकडे आला २०२० मध्ये, लॉकडाऊनात. आम्ही दोघं चोवीस तास घरी. त्याला वाटलं, माणसं अशीच असतात. २०२२ मध्ये दोघांचीही ऑफिसं सुरू झाली आणि एका सोमवारी आम्ही दाराला कुलूप लावून निघून गेलो. आठवड्याभरात तक्रारी सुरू. दाराची चौकट कुरतडलेली. मी म्हटलं, बग आहे, पॅच टाकू.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तो काय करतो?" मला माहीतच नव्हतं. "जुना फोन रेकॉर्डिंगला लावून जा," म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही ते बघितलं. दार लागलं. चार मिनिटं तो नुसता दाराकडे बघत उभा. मग धापा, लाळ, नखांनी दार ओरबाडणं आणि रडणं. भांड्यातल्या आवडत्या चिकनला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. विसाव्या मिनिटाला बायको म्हणाली, "बंद कर." आम्ही ज्याला खोड्या समजत होतो ती निव्वळ भीती होती.

मग तपासण्या झाल्या, वजनावरून डोस ठरला आणि गोळी सुरू झाली. तिचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात. त्या काळात खरं काम आमचं होतं. किल्ली उचलायची आणि परत सोफ्यावर बसायचं. दहा सेकंद बाहेर जाऊन परत यायचं. मग तीस सेकंद. मग दोन मिनिटं. सकाळ-संध्याकाळ तेच, तीन महिने. गोळीने ब्रूनोला काहीही शिकवलं नाही. तिने भीतीचा आवाज थोडा कमी केला, त्यामुळे आम्ही काय शिकवतोय ते त्याला ऐकू आलं. बस्स, एवढंच.

प्रोग्रॅमर मंडळींना लगेच कळेल. एरर येतोय म्हणून रिकामा कॅच ब्लॉक लिहिला की स्क्रीनवर शांतता पसरते. चूक तिथेच असते, फक्त लॉगमध्ये दिसत नाही :-)

आता त्या हस्कीकडे या. सायबेरियाच्या बर्फात मैलोनमैल गाडी ओढायला तयार झालेली जात. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो गंगापूर रोडवरच्या बाल्कनीत साखळीला बांधलेला असतो. दिवसातून दोनदा वॉचमन त्याला खाली नेतो, पाच-दहा मिनिटं. तो भुंकतो ही त्याची तक्रार आहे, आणि शंभर टक्के रास्त आहे. तिच्यावर गोळी देणं म्हणजे तक्रारपेटीला कुलूप ठोकणं.

आपल्या कायद्यालाही हे कळतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं ही मालकाने केलेली क्रूरता ठरते. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हसावं की रडावं!

आणि हे औषध म्हणजे खोकल्याची गोळी नव्हे. गोचिडांसाठी आपल्याकडे वापरतात त्या अमित्राझबरोबर ते देऊ नये, आकडीचा त्रास असलेल्या कुत्र्याला देऊ नये, मनाला येईल तेव्हा एकदम बंदही करू नये. भूक मंदावते, कुत्रा सुस्त होतो. त्या सुस्तीलाच 'सुधारला' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. लिफ्टमध्ये विचारून सुरू करायची ही गोष्ट नाही.

"कुत्र्याला डिप्रेशनची गोळी? काय हे चोचले!" म्हणणारेही आहेत. त्यांना ते रेकॉर्डिंग दाखवायला मी तयार आहे. ज्याला गरज आहे त्याला औषध नाकारणं हाही निर्दयपणाच. माझं भांडण गोळीशी नाही, आपला वेळ वाचवायला तिच्यामागे लपणाऱ्या मालकांशी आहे. त्या रांगेत मीही उभा होतो, म्हणून एवढ्या तावातावाने लिहितोय.

तेव्हा साहेब, गोळीचं नाव राहू द्या. उद्या पहाटे साडेपाचला हस्कीला घेऊन खाली या. ब्रूनो आणि मी गोदाकाठी सोमेश्वरच्या बाजूला फिरायला जातो, तासभर. महिनाभर या. त्यानंतरही तो तसाच अस्वस्थ राहिला, तर डॉक्टरांकडे मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.

फक्त साखळी घरी ठेवा. पट्टा पुरे.